टेऊमल मास्तरांची चाल

"अरी, ऊंट है क्या तू? सलालाह का ऊंट? औरत की तरह चल!"

अमांचा आवाज जिन्यापर्यंत आला तेव्हा रामकृष्ण दाराशी चपला काढत होता. आत जावं की बाहेरच थांबावं, हे त्याला ठरवता येईना. अमांना फिजिओथेरपीला न्यायची वेळ झाली होती, आणि वेळेच्या बाबतीत ही म्हातारी भलती कडक. पण आज तिला वेळेचं भानच नव्हतं. हॉलमधला सोफा भिंतीला सारलेला, गालिचा गुंडाळून ठेवलेला, आणि मधल्या मोकळ्या फरशीवर तिची नात मुस्कान डोक्यावर ओढणी घेऊन रडकुंडीला आलेली.

"दादी, आय अॅम वॉकिंग लाइक अ वुमन. आय अॅम अ वुमन!"

"बघ," अमां रामकृष्णाकडे वळून मराठीत म्हणाल्या. "हिला वाटते बाई असली की झाला. मला पण तसाच वाटत होता."

रामकृष्ण या घरचा ड्रायव्हर. गाव कुडाळकडचं. घर अर्जनशेठचं. त्यांचं मस्कतला मत्रहच्या बाजारात कापडाचं जुनं दुकान, राहायला दार्सैतला, कृष्णाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. अमां म्हणजे अर्जनशेठची आई. त्यांचं खरं नाव मोतिल, पण त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. फाळणीत सिंध सुटलं तेव्हा त्या परकरी पोर होत्या. मग लग्न होऊन मस्कतला येईपर्यंतची वर्षं कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीत गेली, तिथेच मराठी कानावर पडली आणि जिभेवर बसली. या घरात मराठी दुसऱ्या कुणाला येत नसे. त्यामुळे मुलाला आणि सुनेला कळू नये असं जे काही असेल, म्हणजे गोड खाल्लेलं, गोळी न खाल्लेली, सुनेच्या स्वयंपाकाबद्दलचं खरं मत, ते सगळं अमां रामकृष्णाजवळ मराठीत बोलून मोकळ्या होत.

सध्या मात्र त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. सिंधी समाजाच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांचा सत्कार व्हायचा होता. सिंधी नाटकांत बायका पहिल्यांदा रंगमंचावर उभ्या राहिल्या, त्या पिढीतली एक बाई आपल्या मस्कतमध्ये इतकी वर्षं मुकाट्याने पापड लाटत बसली आहे, हा शोध कमिटीला अलीकडेच लागला होता. मुस्कानने उत्साहाने त्यावर एक छोटं नाटुकलं रचलं होतं. त्यात मोतिल दोनदा रंगमंचावर येते. पहिल्यांदा येते तेव्हा लोक हसतात, दुसऱ्यांदा येते तेव्हा गप्प होतात. दोन्ही वेळा संवाद नाही, नुसतं चालत यायचं. पहिलं चालणं सोपं होतं. "वो तो तू जैसी चलती है वैसी चल," असं सांगून अमांनी ते एका वाक्यात निकालात काढलं होतं. घोडं अडलं होतं ते दुसऱ्या चालण्यावर.

ते चालणं टेऊमल मास्तरांचं होतं. आणि ते आता जगात फक्त अमांना ठाऊक होतं. पण वर्षापूर्वी न्हाणीघरात पडून त्यांचा खुबा मोडला होता. वॉकरला धरून त्या खोलीतून हॉलमध्ये येत, तेवढंच. चालून दाखवता येत नव्हतं, आणि सांगून ते मुस्कानच्या पायांत उतरत नव्हतं.

"चल रामकिशन," त्या थकून म्हणाल्या. "कॉर्निशवरून घे."

दवाखाना रुवीत, दार्सैतपासून दोन पावलांवर. पण अमांना दर वेळी मत्रहच्या कॉर्निशवरून, बंदराकाठच्या रस्त्याने जायचं असे. रामकृष्णाची त्याला कधी हरकत नव्हती. आज बंदरात सुलतानाची मोठी पांढरी बोट उभी होती, मासळीबाजाराशी बगळे घिरट्या घालत होते. अमांनी तिकडे पाहिलंदेखील नाही.

"टेऊमल कोण, म्हाईत आहे?" त्या एकदम म्हणाल्या.

"नाय, अमां."

"आमच्या नाटकातली पयली बाई. समाजवाले मला पयली म्हणतात. खोटा आहे. पयली बाई टेऊमल."

मग त्या सांगत गेल्या. सिंधमध्ये त्यांच्या आजोबांच्या काळापासून कॉलेजातली आणि क्लबातली मंडळी नाटकं करत. वकील, मास्तर, टपाल कचेरीतले कारकून. घरंदाज बाईने रंगमंचावर पाऊल टाकणं म्हणजे घराला कायमचा बट्टा, तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत. टेऊमल हैदराबाद सिंधचे, शाळेत ड्रॉइंग शिकवत आणि नाटकात नायिका होत. त्यांची नायिका पाहून गावच्या सासवा आपल्या सुनांना म्हणत, जरा त्या टेऊकडून चालायला शीक. फाळणी झाली, सगळे छावणीत आले. बराकी, नळाची रांग, पत्र्याचे संडास. तशातही पहिल्या दोन-तीन वर्षांत कुणीतरी गोणपाटाचा पडदा शिवला आणि नाटक सुरू झालं. टेऊमल तोवर चाळिशी ओलांडलेले. गालफडं बसली होती, दाढीचा हिरवा रंग पावडरीतून वर येऊ लागला होता.

"पोरं मुंबईला जाऊन नाटक बघून आली," अमां म्हणाल्या. "तिथे खऱ्या बाया काम करतात. बोलली, आपण पण खरी बाई आणू. माझ्या बाबांना विचारला. सगळा मोहल्ला बोलला, हिचा बाप मारणार आता. बाबा दारोदार बांगड्या विकत होते तेव्हा. ते काय बोलले, म्हाईत? घर गेला, गाव गेला, जमीन गेली. आता एवढी एक लाज कोणत्या कपाटात ठेवू? कपाट पण नाय."

रामकृष्णाने आरशातून मागे पाहिलं. अमांचे डोळे कोरडे होते आणि आवाज मजेचा होता, पण त्याने गाडीचा वेग कमी केला.

"मग?"

"मग काय, मी गेली स्टेजवर. सतरा वर्सांची. खरी बाई, खरा केस, खरा सगळा. चालत आली, जशी नळावर जाते तशी, खटखट. आणि लोक ओरडायला लागले. हा कोण पोरगा पकडून आणला? ह्याला बाईचा काम येत नाय! टेऊला आणा!"

"पोरगा?"

"पोरगाच वाटला त्यांना. स्टेजवर खरी बाई असू शकते, हे कोणाच्या डोक्यातच नाय. माझी अम्मा खाली बसली होती. ती उभी राहून ओरडली, पोरगा नाही, माझी पोर आहे! तर अजून हसले. बोलले, आई पण आणली नाटकवाल्यांनी!"

रामकृष्णाला हसू फुटलं. राउंडअबाउटवरून त्याला रुवीकडे वळायचं होतं, ते राहून गेलं. त्याने पुन्हा एक फेरी मारली.

"दुसऱ्या दिवशी टेऊमल आमच्या बराकीत आले. मला वाटला, भांडायला आले. त्यांचा काम मी घेतला ना. ते आपला जुना रओ घेऊन आले होते." रओ म्हणजे ओढणी, हे रामकृष्णाला ठाऊक होतं. "माझ्या डोक्यावर घातला. बोलले, पोरी, लोकांनी तुला नाय हसला. त्यांना बाई कशी असते ते मीच शिकवला आहे. आता तुला पण मलाच शिकवायला लागेल. आणि मग रोज दुपारी, बराकीच्या मागे, उन्हात..."

अमां पुढेही बोलत होत्या. पण रामकृष्णाच्या कानात ते शिरलं नाही. ज्याचं काम गेलं, त्याच माणसाने आपला रओ आणून त्या पोरीच्या डोक्यावर घातला. गाडी चालवता चालवता रामकृष्णाला, इतक्या वर्षांत कुठल्या देवळात वाटलं नव्हतं असं काहीतरी वाटलं. मागे बसलेल्या म्हातारीचे आणि कधीच न पाहिलेल्या त्या मास्तरांचे पाय धरावेत, असं.

"त्या चालीत एक जागा आहे," अमां म्हणाल्या. "चालता चालता बाईला मागून कोणी हाक मारते. ती थांबते. पण वळत नाय. बस. तेवढाच. टेऊ तिथे थांबले की बाया रडत होत्या. मी पण तिथे थांबली, तेव्हा माझ्यासाठी पण रडल्या. त्यांचा फोटो नाय, घर नाय, मागे मूलबाळ नाय. फक्त ती चाल आहे. आणि ह्या पोरीला ती येत नाय, आणि माझा पाय गेला."

रामकृष्णाच्या जिभेवर शब्द आले होते. पण त्याने ते गिळले आणि गाडी दवाखान्याच्या दाराशी लावली.

गिळण्याला कारण होतं. रामकृष्ण गावी असताना दशावतारी मंडळात काम करत असे, आणि तेही स्त्रीपार्टी. जत्रेतल्या दहीकाल्याला देवळासमोर पेट्रोमॅक्सच्या उजेडात तो लुगडं नेसून उभा राहिला की म्हातारेकोतारे सरसावून बसत. मग पोटापाण्यासाठी ओमानला आला. पहिली नोकरी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, ॲल्युमिनियमच्या कारखान्यात. तिथे खोलीतल्या कुणीतरी त्याच्या मोबाईलमधला मोहिनीच्या वेषातला फोटो पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्या लेबर कॅम्पची भाभी झाला. जेवणाच्या रांगेत लोक बाजूला होऊन त्याला पुढे करत, "लेडीज फर्स्ट." सुपरवायझरसुद्धा हसे. तिथून सुटल्यावर त्याने जो कानाला खडा लावला तो आजतागायत. मस्कतमध्ये त्याच्या खोलीत राहणारा रत्नागिरीचा रशीद सोन्यासारखा माणूस, पण त्यालाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी त्याने गावी प्रभावतीला, म्हणजे बायकोला, फोन केला. सगळं सांगितलं. प्रभावती पलीकडे तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज येत होता.

"मगे? दाखवा मां त्या चेडवाक चलान," ती म्हणाली.

"गो, शेठचा घर ता. ड्रायव्हरान वढणी घेवन चलाचा म्हंजे..."

"हयसर लोका तुमच्या पाया पडत, तेव्हा बरी नाय वाटली लाज? आणि थय एक म्हातारी रडता तर तुमका लाज इली?"

"ती रडाक नाय."

"रडतली," प्रभावती म्हणाली आणि सूप आपटलं. "त्याच्यापयली जावा."

पण रामकृष्ण गेला नाही. माणूस इतक्या वर्षांचा खडा असा एका फोनवर काढून टाकत नाही. तो रोज गाडी धुवायचा, मुस्कानला शाळेतून आणायचा, आणि हॉलमध्ये तालीम चालू असली की पाणी प्यायच्या निमित्ताने दाराशी घुटमळायचा. मुस्कान जीव तोडून मेहनत करत होती, हे त्याला दिसत होतं. चूकही दिसत होती. हाकेच्या जागी ती थांबायची, पण थांबण्याआधीच तिच्या मानेला ठाऊक असायचं की आपण आता थांबणार.

कार्यक्रम तोंडावर आला आणि एका दुपारी अमांचा धीर सुटला. "ऐसे नहीं, ऐसे!" असं म्हणत त्या वॉकर सोडून उठल्या. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकायला गेल्या आणि कोसळल्या. रामकृष्ण दाराशीच होता म्हणून बरं. त्याने धावत जाऊन त्यांना काखेत धरलं आणि सोफ्यावर बसवलं. मुस्कान रडायलाच लागली. अमांना लागलं काही नव्हतं. पण त्या आपल्या दोन्ही हातांनी स्वतःच्या मांडीवर मारू लागल्या, एखाद्या हट्टी जनावराला मारावं तशा, आणि मग रडल्या. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून.

रामकृष्णाने मुस्कानच्या डोक्यावरची ओढणी घेतली. विचारलं नाही, काही नाही. खिशातल्या गाडीच्या किल्ल्या टीपॉयवर ठेवल्या, ओढणी डोक्यावर घेतली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. मग वळला आणि चालत आला.

मुस्कानचं रडणं तोंडातल्या तोंडात राहिलं. अमांनी डोळे पुसले. शर्ट-पँट घातलेला, मिशी राखलेला, पोट सुटू लागलेला त्यांचा ड्रायव्हर खोलीत कुठे नव्हताच. एक बाई त्यांच्याकडे चालत येत होती.

"परत," अमां म्हणाल्या.

तो परत चालला.

"ही तुझी आहे," अमां म्हणाल्या. "कोण आहे ही?"

"मोहिनी, अमां. आमच्या दशावतारातली."

"चांगली आहे. पण टेऊची नाय. टेऊची बाई घरातली आहे. तिला कोणाला मोहात पाडायचा नाय. तिला फक्त पलीकडे जायचा आहे. खांदा सोड. उजवा. हां. टाच आधी नको. जमीन तापलेली आहे असा समज. छावणीतली जमीन."

मग ती दुपार तशीच गेली. अमां सोफ्यावर बसून एकेक गोष्ट सांगत आणि रामकृष्ण ती अंगावर घेत गेला. इतक्या दिवसांत पोरीला जे सांगता येत नव्हतं, ते त्यांना आता सांगता येऊ लागलं. कारण समोर एक शरीर होतं, ते चुकत होतं आणि चूक कुठे आहे हे त्यांना दिसत होतं. रामकृष्ण घामाघूम झाला. हाकेच्या जागी तर तो पुनःपुन्हा चुकला. शेवटी अमांनी त्याला विचारलं, "तुला मागून कोण हाक मारते?" तो खिडकीपाशी परत गेला. या वेळी तो चालत आला, थांबला, आणि वळला नाही. तेव्हा अमांनी तोंडावर हात ठेवला.

"टेऊ," त्या म्हणाल्या. मग सिंधीत आणखी काहीतरी म्हणाल्या, ते त्याला कळलं नाही.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं. अर्जनशेठ दुकानातून जेवायला आले होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. ओढणी डोक्यावरून ओढून काढावी एवढंही रामकृष्णाला सुचेना. आता भाभी, आता लेडीज फर्स्ट, आता परतीचं तिकीट हातात, हे सगळं एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"सेठजी, वो... अमांने बोला..."

अर्जनशेठ आत आले. एकदा आईकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग गुंडाळून ठेवलेल्या गालिच्यावरच बसले, मोठा माणूस, इस्त्रीच्या कपड्यांनिशी.

"अमां के पाँव ठीक थे ना, तब वो ऐसे चलती थी," ते म्हणाले. "मत्रह के सूक में मैं पीछे-पीछे चलता था। छोटा था। फिर से दिखाओ, रामकिशन।"

त्याने पुन्हा दाखवलं. त्या दिवसापासून मुस्कान त्याच्याकडे शिकू लागली. शाळेतून येताना गाडीत प्रश्न, घरी आल्यावर हॉलमध्ये चालणं. ती त्याला 'अंकल' म्हणायची, त्याचं 'सर' झालं, ते त्याला ऐकवेना. त्याने पुन्हा 'अंकल' करायला लावलं. पोरगी हुशार. तिला एकदा डोळ्यांनी दिसल्यावर पायांनी उचलायला वेळ लागला नाही. रंगीत तालमीच्या दिवशी ती थांबली आणि वळली नाही, तेव्हा अमांनी फक्त मान हलवली. मास्तरांना जाऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे, त्यांची चाल सतरा वर्षांच्या पोरीच्या पायांत येऊन बसली होती. रामकृष्णाला त्या रात्री जेवणच गेलं नाही. रशीदने विचारलं, "काय रे, बरा नाय वाटत?" तर म्हणाला, "लय बरा वाटता."

कार्यक्रमाला समाजाने भाड्याने घेतलेला हॉल गच्च भरला होता. आज्या, सुना, नटलेल्या पोरी, मागे भिंतीला टेकून उभी असलेली तरुण पोरं. पुढच्या रांगेत अमां व्हीलचेअरवर, अंगावर मोतिया रंगाची साडी. मुस्कानच्या वर्गातले दोघे मुलगे प्रेक्षकांमध्ये बसवले होते. पहिल्या प्रवेशाला त्यांनी ओरडायचं होतं, "टेऊ को बुलाओ!" रामकृष्ण विंगेत उभा होता. पडद्याची दोरी धरायला, असं कमिटीला सांगितलं होतं. दोरी नव्हतीच. पडदा बटणावर चालत होता.

दिवे गेले. मुस्कानच्या आवाजातलं निवेदन झालं. छावणी, बराकी, गोणपाटाचा पडदा. मग उजेड आला आणि सतरा वर्षांची मोतिल रंगमंचावर आली.

जशी ती रोज शाळेच्या फाटकातून बाहेर येई, तशीच आली. दप्तर नव्हतं एवढंच. पावलं सरळ, हात सुटे, ओढणी एका खांद्यावरून घसरलेली आणि ती सावरायची तिला आठवण नाही. खटखट मध्यापर्यंत आली, उभी राहिली आणि समोर बघितलं.

आणि हॉल उठला. आधी आज्यांच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या, मग मागच्या पोरांच्या शिट्ट्या, कुणीतरी सिंधीत ओरडलं, कुणीतरी "मोतिल! मोतिल!" असा गजर धरला. त्या दोन मुलांनी "टेऊ को बुलाओ" म्हटलंही असेल, ते त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं नसेल. मुस्कान गोंधळली. या ठिकाणी तिची छी-थू व्हायची होती. मान खाली घालून आत पळायचं होतं. टाळ्या थांबेचनात. तिने विंगेकडे पाहिलं. रामकृष्णाने हाताने खूण केली, ये, आत ये. ती पाहुणीसारखी चालत आत आली.

"अंकल, दे डिडन्ट लाफ," ती कुजबुजली. "अब क्या करूँ?"

"दूसरी चल," तो म्हणाला. "टेऊमल मास्टर वाली."

त्याने तिची ओढणी नीट केली. गावी रंगपटात कुणी वेष घेऊन उभं राहिलं की त्याला नावाने हाक मारत नाहीत. त्यानेही मारली नाही. नुसते हात जोडले आणि बाजूला झाला.

ती गेली. टाळ्यांचा शेवटचा तुकडा अजून हवेत होता, तो तिच्या चौथ्या-पाचव्या पावलाला विरला. मग काहीच ऐकू येईना. तापलेल्या जमिनीवरून एक बाई पलीकडे निघाली होती. मध्यावर तिला मागून हाक आली. ती थांबली. हॉलमध्ये शे-पाचशे माणसं असतील, त्यातल्या एकानेही श्वास सोडला नाही, असं रामकृष्ण पुढे जन्मभर सांगणार होता. ती वळली नाही. पलीकडे गेली.

त्याने विंगेतून अमांकडे पाहिलं. त्या रडत असतील असं त्याला वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर एखादी आकडेमोड चुकल्यासारखा भाव होता. पुढे शाल झाली, श्रीफळ झालं, अध्यक्षांनी "पहली" हा शब्द सतरा वेळा उच्चारला. अमांच्या हातात माईक दिला, तेव्हा त्या फक्त "टेऊमल मास्टर" एवढंच म्हणाल्या आणि माईक परत केला.

कार्यक्रम आटोपल्यावर घरची मंडळी फोटोंत अडकली. रामकृष्ण अमांना घेऊन पार्किंगमध्ये आला. व्हीलचेअर गाडीशी लावली. अमां म्हणाल्या, "थांब. वॉकर काढ."

त्याने डिकीतून वॉकर काढून समोर ठेवला. त्या उठल्या, दोन्ही हातांनी तो धरून उभ्या राहिल्या. निघाल्या मात्र नाहीत.

"अमां, चाल बघितलीत ना? टेऊमल मास्तरांची?"

"बघितली. टेऊ आले होते. माझा काम झाला." मग त्यांनी वॉकरवरची पकड बदलली. "रामकिशन, ती पयली आली ना, कोण हसला नाय."

"नाय, अमां."

"तशीच चालली. आपली आपली. आणि कोण हसला नाय." त्यांनी हॉलच्या दाराकडे पाहिलं. तिथे मैत्रिणींच्या घोळक्यात मुस्कान हसत उभी होती. "मी पण एक दिवस तशी चालली होती. फक्त एक दिवस. मग टेऊची शिकली, ती आयुष्यभर चालली. स्टेज सुटला, लग्न झाला, मत्रहला आली, तरी तीच. घरात, बाजारात, देवळात. लोक बोलायचे, काय सुंदर चालते मोतिल." त्या रामकृष्णाकडे वळल्या. "माझी कशी होती रे? मी नळावर कशी जात होती? लय आठवते मी, येत नाय."

काहीतरी बरं बोलावं, असं रामकृष्णाला फार वाटलं. पण जे बोलायचं ते खोटं झालं असतं, आणि या बाईशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

अमांनी वॉकर पुढे सरकवला. चांगला पाय टाकला. मग मोडक्या खुब्याचा पाय ओढत, जमिनीला घासत, खांदा एकीकडे पाडून आणला. पुन्हा वॉकर. पुन्हा तो घासण्याचा आवाज. तिसऱ्या वेळी त्या थांबल्या आणि खाली, आपल्या पायाकडे बघितलं.

"ही?" त्या म्हणाल्या. "ही मला कोणी शिकवली नाय."

रामकृष्णाने गाडीचं मागचं दार उघडलं. एरवी तो पुढे होऊन त्यांचा दंड धरत असे. आज तो दार धरून उभा राहिला आणि त्या येईपर्यंत जागचा हलला नाही.